क्रूझ ला स्पेत्सियाला थांबते तेव्हा: जहाजातून उतरण्यापासून परत चढेपर्यंतचा पूर्ण प्लॅन

मे महिन्याच्या सुट्टीत भूमध्य समुद्रातली क्रूझ घेणारी आपली मराठी मंडळी आता खूप झालीयेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या कार्यक्रमात इटलीचं ला स्पेत्सिया हे बंदर असतंच. आणि बहुतेकांचा तिथला दिवस एकाच प्रकारे वाया जातो. आठ-दहा तास आहेत म्हणून जवळच्या चिंक्वे तेर्रे किनाऱ्यावरची पाचही गावं करायला निघतात, अर्धा दिवस प्लॅटफॉर्मवर उभं राहतात आणि शेवटी धापा टाकत जहाज गाठतात. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. माझं ठाम मत आधीच सांगते, एका थांब्यात जास्तीत जास्त दोन गावं आणि थोडं बंदराचं शहर, बस. आणि प्लॅन नेहमी परतीच्या वेळेपासून उलटा करायचा, सकाळपासून सुलटा नाही.

१. बुकिंगच्या वेळी: बंदराचं नाव नीट वाचा

क्रूझच्या माहितीपत्रकात बरेचदा "फ्लोरेन्स / पिसा" असं मोठ्ठं लिहिलेलं असतं आणि बाजूला बारीक अक्षरात ला स्पेत्सिया. जहाज फ्लोरेन्सला जात नाही, फ्लोरेन्सला समुद्रच नाही. ला स्पेत्सियाहून फ्लोरेन्स ट्रेनने साधारण सव्वादोन-अडीच तास, म्हणजे जाऊन येऊन पाच तास गेले. पिसा एक-सव्वा तासावर आहे पण तिथेही स्टेशनपासून मनोरा लांब, त्यामुळे मनोऱ्यासोबत फोटो काढून परत फिरणं एवढंच होतं. हेच चिविताव्हेक्किया बंदराचं (तिथे "रोम" लिहितात) आणि लिव्होर्नोचं. रोमसाठी धावपळ केली तर ते समजू शकते, पण ला स्पेत्सियाच्या अगदी दाराशी चिंक्वे तेर्रेची पाच गावं, पोर्तोवेनेरे आणि लेरिची असताना बसमध्ये बसून फ्लोरेन्सला जाणं मला तरी पटत नाही. फ्लोरेन्सला वेगळे दोन दिवस द्या कधीतरी.

व्हिसाचं इथेच बघून घ्या. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) लागतोच, मग तुम्ही पुण्यात रहा नाहीतर लंडनला. पण खरी गडबड होते ती सिंगल एन्ट्रीत. जहाज मध्येच ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानला जाऊन परत इटली, स्पेन, ग्रीसला येणार असेल तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाऊन पुन्हा आत येताय, त्यामुळे मल्टिपल एन्ट्री लागते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे दुब्रोवनिकचा थांबा आता त्यात मोजायचा नाही, जुन्या पोस्ट वाचून गोंधळू नका. अर्ज करताना क्रूझचं पूर्ण वेळापत्रक, प्रत्येक बंदर आणि तारखेसकट, जोडायचं. अर्ज ज्या देशात जास्त दिवस त्या देशाकडे, दिवस सारखेच पडत असतील तर जिथून पहिल्यांदा आत शिरणार त्या देशाकडे.

२. आदल्या दिवशी: उलटा हिशोब

आदल्या रात्री केबिनमध्ये किंवा ॲपवर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम येतो. त्यात दोन वेळा असतात, जहाज सुटायची आणि सगळ्यांनी परत चढायची. दुसरी वेळ खरी. ती बहुतेकदा सुटायच्या अर्धा तास आधी असते, कधी तासभरही. घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तोच आकडा टाकून ठेवा, कारण "मला वाटलं सहा" हे वाक्य मी फार जणांकडून ऐकलंय.

समजा जहाज सकाळी ८ ला लागतंय, संध्याकाळी ६ ला सुटतंय आणि चढायची शेवटची वेळ ५:३० आहे. आता मागे मागे या:

- ५:३० जहाजात.
- ५:०० टर्मिनलवर, कारण सिक्युरिटीची रांग आणि बंदरातली शटल बस यात अर्धा तास जातो.
- ४:०० टर्मिनलवर पोचायचं असं धरा, हा एक तास राखीव, त्याला हात लावायचा नाही.
- ३:३० ला स्पेत्सिया चेंत्राले स्टेशनवर, तिथून खाली चालत अर्धा तास.
- २:५० च्या आत शेवटच्या गावाच्या प्लॅटफॉर्मवर, कारण ट्रेनची वाट बघणं आणि प्रवास मिळून ४० मिनिटं.

आता सकाळची बाजू. जहाज ८ ला लागलं तरी उतरायला परवानगी मिळून तुम्ही टर्मिनलच्या बाहेर यायला ९ वाजतात, स्टेशनवर साडेनऊ, ट्रेन पकडून पहिल्या गावात १०. म्हणजे दहा तासांच्या थांब्यात तुमच्या हातात खरे पावणेपाच तास आहेत. यात पाच गावं बसवायची तर जेवण सोडावं लागेल. दोन गावं, एक निवांत जेवण, इतकं आरामात बसतं.

तपासा: त्या दिवशी इटलीत रेल्वेचा संप आहे का? संपाला तिकडे शोपेरो म्हणतात आणि तारखा आधी जाहीर होतात. संपाच्या दिवशी, रविवार-सुट्टी सोडून, सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठराविक लोकल गाड्या चालवाव्याच लागतात, पण क्रूझवाल्याला त्या दोन्ही वेळा उपयोगाच्या नाहीत. संप असेल तर ट्रेनचा नाद सोडा आणि सरळ पायरी ५ मधला बोटीचा किंवा पोर्तोवेनेरेचा प्लॅन घ्या.

३. पिशवीत काय हवं

जहाजाचं कार्ड (याच्याशिवाय परत चढता येत नाही), पासपोर्ट किंवा जहाजाने तो ठेवून घेतला असेल तर त्याची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स, बँकेचं कार्ड, पन्नासेक युरो सुटे, दिवसभराच्या गोळ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस पुरतील इतक्या घ्या, का ते शेवटच्या भागात येईल. त्या दिवसाचा छापील कार्यक्रम किंवा त्याचा फोटो पण घ्या, त्यात बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो.

चपलांबद्दल जरा कडक बोलते. गावागावांमधल्या डोंगरवाटांवर चिंक्वे तेर्रे राष्ट्रीय उद्यानाने २०१९ पासून स्लिपर आणि उघड्या सँडलवर बंदी घातली आहे, दंड ५० युरोपासून सुरू होतो आणि २,५०० पर्यंत जाऊ शकतो. नुसतं गावात फिरायचं असेल तरी रस्ते दगडी आणि चढाचे आहेत. बूटच घाला.

फोन जहाजात असेपर्यंत विमान मोडवर. समुद्रात फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि तुमच्या रोमिंग पॅकमध्ये ते नसतं, बिल हजारोंत येतं. जमिनीवर पाय ठेवल्यावर मोड काढायचा आणि फोनने इटलीचं नेटवर्क पकडलंय का ते बघायचं.

४. जहाजातून स्टेशनपर्यंत

ला स्पेत्सिया हे मोठं कंटेनरचं बंदर आहे आणि शेजारी इटालियन नौदलाचा तळ. त्यामुळे धक्क्यावरून बाहेर मनाने चालत सुटता येत नाही, शटल बसने टर्मिनलच्या गेटपर्यंत आणतात. इथे गर्दीच्या वेळी रांग लागते, म्हणून नाश्ता लवकर उरका. जहाजातर्फे सहली घेतलेल्यांना आधी सोडतात, तो वेळ धरून चाला.

गेटबाहेर आलात की टॅक्सीवाले आणि टूरवाले "पाच गावं, पाच तास" म्हणत पुढे येतील. घ्यायची असेल टॅक्सी तर फक्त स्टेशनपर्यंत, भाडं आधी ठरवून. गावांमध्ये बाहेरच्या गाड्यांना प्रवेश नाही, वर कुठेतरी उतरवतात आणि तुम्ही चालतच खाली जाता.

चालणाऱ्यांनी समुद्राकाठच्या पासेज्जाता मोरीनवरून जायचं. ताडाची झाडं, नांगरलेल्या होड्या, कट्ट्यावर पेपर वाचत बसलेले आजोबा. मग विया देल प्रिओने या फक्त पायी चालायच्या रस्त्याने सरळ शहरातून वर. शेवटी स्टेशनला चढ आहे. आई-बाबा बरोबर असतील तर जाताना टॅक्सी करा आणि येताना उतारावर चाला, उलटं करू नका.

५. कुठे जायचं ते इथे ठरवा, ट्रेनमध्ये नाही

गुडघ्यांचा त्रास, लहान मूल, बाबागाडी असेल तर मोंतेरोस्सो, पाचांतलं सगळ्यात सपाट, स्टेशनसमोरच समुद्र, बोगद्यातून चालत गेलं की जुनं गाव. वेर्नात्सा दुसरं, स्टेशनपासून एकच रस्ता हळूहळू उतरत छोट्या बंदरावर जातो, होड्या अगदी चौकाच्या कडेला ओढून ठेवलेल्या. माझी जोडी हीच, वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो, शेजारी शेजारी आहेत आणि मधला ट्रेनचा प्रवास पाचेक मिनिटांचा.

रिओमाज्जोरे आणि मानारोला पोस्टरवर दिसतात ती रंगीत घरांची उतरंड, फोटो सुंदर येतात पण चढ-उतार खूप. या दोघांना जोडणारी विया देल्ल'आमोरे ही समुद्राकडेची वाट २०१२ च्या दरडीनंतर बंद होती ती २०२४ मध्ये पर्यटकांसाठी उघडली. तिचे वेगळे पैसे आहेत आणि वेळ आधी ऑनलाइन ठरवावी लागते, रिओमाज्जोरेच्या बाजूनेच आत सोडतात. कोर्नील्या क्रूझवाल्यांनी सोडून द्या. गाव डोंगरावर, स्टेशन खाली, मध्ये ३८२ पायऱ्या. वर जायला बस आहे पण ती भरलेली असली की तुमचा अर्धा तास गेला.

डोंगरवाटेने एका गावातून दुसऱ्या गावात चालायचं मनात असेल तर वेर्नात्सा-मोंतेरोस्सो वाटेला दोन तास धरा, आणि मग त्या दिवशी तेवढंच. उन्हात सावली कमी आहे.

आणि आता ते, जे लोक बघतच नाहीत. पोर्तोवेनेरे आणि लेरिची. दोन्हीला ट्रेन नाही, ला स्पेत्सियाहून बसने साधारण अर्धा तास. म्हणूनच ट्रेनचा संप असो नाहीतर चिंक्वे तेर्रेत मुंगीला जागा नसो, इथे दिवस शांत जातो. पोर्तोवेनेरेला खडकाच्या टोकावर सान पिएत्रोचं दगडी चर्च आहे, खाली लाटा आपटत असतात, आणि बसमधून येताना आखातात ओळीने तरंगणारे बोये दिसतात ती शिनाण्यांची (खायच्या शिंपल्यांची) शेती. दोरांना लगडून वाढवतात. लेरिचीला किल्ला, खाली होड्यांचं बंदर, आणि तिथून सान तेरेन्त्सोपर्यंत समुद्राकाठची सपाट फरसबंदी, वयस्कर माणसांना चालायला याहून चांगली जागा या पट्ट्यात नाही. बसचं तिकीट तंबाखूच्या दुकानात घ्या, वर मोठा टी लिहिलेलं असतं ते. बसमध्ये घेतलं तर महाग पडतं.

बोटीचा पर्याय: पासेज्जाता मोरीनवरून सीझनमध्ये, साधारण मार्चअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, बोटी सुटतात. पोर्तोवेनेरेवरून पुढे कोर्नील्या सोडून बाकी चार गावांना लागतात. समुद्रातून गावं बघणं हे ट्रेनच्या बोगद्यांपेक्षा कितीतरी भारी. पण सावधान: लाटा मोठ्या असल्या की बोट रद्द होते, आणि कधी कधी सकाळी चालू असलेली दुपारी बंद होते. म्हणून जाताना बोट, येताना ट्रेन. परतीसाठी फक्त बोटीवर विसंबून राहायचं नाही.

६. तिकीट आणि ट्रेन

सगळ्यात जास्त दंड इथे भरले जातात. स्टेशनवर चिंक्वे तेर्रे कार्ड मिळतं, त्याचे दोन प्रकार, एक नुसतं डोंगरवाटांचं आणि दुसरं ट्रेनसकट. तुम्हाला ट्रेनवालं हवं. लेवांतो ते ला स्पेत्सिया या पट्ट्यात दिवसभर कितीही वेळा चढा-उतरा. दर दिवसाच्या गर्दीप्रमाणे बदलतो, त्यामुळे कोणी गेल्या वर्षीचा आकडा सांगितला तर तो धरून बसू नका. तीन किंवा जास्त प्रवास करणार असाल तर कार्ड सहसा परवडतं, नुसतं जाऊन-येऊन असेल तर सुटी तिकिटं काढा. शक्यतो आदल्या दिवशी ऑनलाइन, कारण सकाळी साडेनऊला त्या खिडकीवर अख्खं जहाज उभं असतं.

कागदी तिकीट किंवा कार्ड असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मजवळच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा, आणि कार्डावर नाव लिहायचं. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, तर तपासनिसाच्या दृष्टीने तुम्ही विनातिकीट. "आम्हाला माहीत नव्हतं" चालत नाही. मोबाइलवर काढलं असेल आणि त्यात चेक-इन करायला सांगितलं असेल तर ते बसण्याआधी करायचं.

मग गाडी. बोर्डावर लेवांतो किंवा सेस्त्री लेवांते दिशेची लोकल बघा. जलद गाड्या यातल्या बहुतेक गावांना थांबत नाहीत, समोर आली म्हणून चढलात तर थेट पुढे निघून जाल. रिओमाज्जोरे आठेक मिनिटांत, मोंतेरोस्सो वीस-पंचवीस. सीझनमध्ये गाड्या पंधरा-वीस मिनिटांनी असतात.

माझी पद्धत: आधी सगळ्यात लांबच्या गावात जा, आणि बंदराच्या दिशेने मागे येत या. बहुतेक लोक रिओमाज्जोरेपासून सुरू करतात आणि दुपारी तीनला सगळ्यात लांब असताना परतायची वेळ होते. उलटं केलंत तर गर्दी चुकते आणि घड्याळ पुढे सरकतं तसे तुम्ही जहाजाच्या जवळ येता.

तपासा: प्रत्येक गावात उतरल्या उतरल्या परतीच्या गाड्यांच्या बोर्डाचा फोटो काढा.

७. खाणं

रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं साडेबारा ते अडीचच्या आसपासच चालू असतात, तीनला पोचलात तर सँडविचवर भागवावं लागतं. म्हणून बाराला भूक नसली तरी जागा बघून ठेवा. बिलात माणशी दोन-तीन युरो कोपेर्तो लागतात, तो बसायचा आकार आहे, फसवणूक नाही, भांडू नका. कॉफी काउंटरला उभं राहून प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलात तर दर वेगळा.

शाकाहारी मंडळींसाठी हा पट्टा इटलीतला सगळ्यात सोपा आहे. फोकाच्चा हा जाड सपाट पाव ऑलिव्ह तेलातला असतो. आणि फारिनाता नक्की खा, चण्याच्या पिठाचं पातळ मिश्रण, फक्त पाणी, तेल आणि मीठ. भल्यामोठ्या गोल तांब्याच्या परातीत ओतून धगधगत्या भट्टीत सरकवतात, वरून खरपूस तपकिरी पापुद्रा आणि आतून मऊ, आपल्या बेसनाच्या धिरड्याचं जाड भावंडंच. सुरीने वेडावाकडा तुकडा कापून कागदावर देतात आणि वर मिरपूड. गरम असतानाच खायचा, गार झाला की चामट होतो. ला स्पेत्सियाच्या गल्ल्यांत मिळतो, त्यामुळे परतताना स्टेशन ते टर्मिनल या चालण्यात बसवा. मेशुआ नावाचं गहू, चणे आणि पांढऱ्या घेवड्याचं सूपही इथलंच.

सावधान: पेस्तो या बेसिलच्या पानांच्या हिरव्या चटणीत चीज आणि लसूण असतो, त्या चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, त्यामुळे कडक शाकाहारी आणि जैन मंडळींनी विचारून घ्या. अँचोवी हा बारीक मासा मोंतेरोस्सोची खासियत आहे आणि तो पिझ्झा, फोकाच्चा, कशातही असू शकतो. "सेंत्सा पेशे, सेंत्सा कार्ने" म्हणजे मासे नको, मांस नको, एवढं पाठ करा. मासे खाणाऱ्यांनी मात्र भरलेले शिनाणे सोडायचे नाहीत, तिकडे मुस्कोली म्हणून मागा. कोकणातल्या माणसाला ते कसे केलेत हे बघण्यातच अर्धी मजा.

सकाळी उतरायला उशीर झाला किंवा घरातलं कोणी दमलेलं असलं तर गावं रद्द करून ला स्पेत्सियातच रहा, यात काही कमीपणा नाही. पियात्सा कावूरच्या छपराखालच्या बाजारात सकाळी मासळी आणि भाजी, गिऱ्हाईक सगळं गावातलं, मासा हातात धरून कल्ले बघणाऱ्या बायका तिथेही आहेत. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी थांबा आला तर नशीबच, त्या दिवशी पालिओ देल गोल्फो असते, आखाताभोवतीच्या १३ वस्त्यांच्या वल्हवायच्या होड्यांची शर्यत.

८. परत येताना

दुपारी वेर्नात्साचा प्लॅटफॉर्म बघितला की कळतं मी ४० मिनिटं का धरली. अरुंद फलाट, त्याचा काही भाग बोगद्यात, आणि सगळे लोक जिन्याजवळ उन्हात कोंडाळं करून उभे. गाडी आली की तिथले दोन डबे खच्चून भरतात. तुम्ही फलाटावर पुढे, बोगद्याच्या बाजूला सरकून उभे रहा, तिथले डबे रिकामे असतात. खिशातलं पाकीट आणि फोन पुढच्या बाजूला, दार बंद होतानाची ढकलाढकल ही पाकीटमारांची आवडती वेळ आहे.

दिशा बघा, ला स्पेत्सियाकडे. पुढे मिलियारीना नावाचं स्टेशन आहे ते नाही, चेंत्रालेवर उतरायचं.

कुटुंब वेगवेगळं फिरणार असेल तर भेटायची जागा टर्मिनलचं गेट ठेवा, गावातला चौक नाही. तिथे वाट बघत सगळेच अडकतात.

९. तरीही उशीर झाला तर

जहाजातर्फे घेतलेल्या सहलीतले लोक उशिरा आले तर जहाज थांबतं किंवा कंपनी पुढची सोय करते. स्वतः फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही, हा नियम कटू असला तरी धरून चला.

गाडी अडकली, आता वेळेत पोचत नाही असं दिसलं की त्याच क्षणी बंदरातल्या एजंटला फोन करा, टर्मिनलवर जाऊन रडत बसू नका. तुमचं नाव, केबिन नंबर आणि आत्ता कुठे आहात ते सांगा. पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत असेल तर तेही आधी सांगा, कळवलं असेल तर बरेचदा जहाज सुटण्यापूर्वी तो काढून एजंटकडे देतात. मग पुढचं बंदर शेंगेनमध्ये आहे का बघा. असेल तर ट्रेनने किंवा विमानाने स्वतःच्या खर्चाने तिथे गाठता येतं, सिंगल एन्ट्री व्हिसावरही, कारण तुम्ही आतच आहात. नसेल तर एजंटला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. एक रात्र ला स्पेत्सियात काढावी लागली तर स्टेशनजवळच हॉटेल घ्या, पिशवीतल्या दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या त्यासाठीच होत्या. आणि प्रवास विम्याच्या नंबरवर त्याच रात्री कळवून, ट्रेनच्या उशिराचा पुरावा म्हणून स्टेशनच्या बोर्डाचा वेळेसकट फोटो आणि तिकिटं जपून ठेवा.